प्रमाणात असलेले रक्त आणि न थांबलेली तक्रार : थायरॉइड-निदानाच्या इतिहासातील एक प्रश्न

१

थायरॉइड ग्रंथीच्या न्यूनतेवर औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या बाबतीत एक विलक्षण पेच उद्भवतो. रक्ताची तपासणी पूर्णतः प्रमाणात येते. परंतु थकवा, थंडी सहन न होणे, वजनाची वाढ, विस्मरण आणि मनाचे मांद्य ह्या तक्रारी चालूच राहतात. युरोपीय थायरॉइड संघटनेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांची संख्या उपचार घेणाऱ्यांच्या ५ ते १० टक्के धरलेली आहे. हा विकार इतका सार्वत्रिक आहे, की एवढ्या अल्प प्रमाणातही जगभरातील रुग्णांची संख्या लक्षावधींत जाते. भारतीय वाचकालाही हा प्रश्न परका नाही. मुंबई व गोवा धरून देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे ११ टक्के व्यक्तींत थायरॉइड-न्यूनता आढळली, आणि स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा पुष्कळच अधिक होती.

ह्या पेचावर दिली जाणारी उत्तरे सामान्यतः दोन आहेत. एक पक्ष म्हणतो, आकडा प्रमाणात आहे, तेव्हा तक्रारीचा थायरॉइडशी संबंध नाही. दुसरा पक्ष म्हणतो, तक्रार कायम आहे, तेव्हा आकडाच खोटा आहे. वरवर पाहता हे पक्ष परस्परविरोधी आहेत. परंतु दोघांचे गृहीत एकच आहे. रक्तातील आकडा आणि रोग ही एकच वस्तू होय, हे ते गृहीत. थायरॉइड-वैद्यकाच्या आरंभी असे समीकरण मुळीच नव्हते. ते सुमारे शंभर वर्षांच्या काळात, एकेका मापनपद्धतीबरोबर, टप्प्याटप्प्याने सिद्ध होत गेले. त्या टप्प्यांचा मागोवा घेणे आणि त्या प्रवासात ‘नॉर्मल’ ह्या शब्दाने काय काय अर्थ अंगीकारले हे पाहणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रौढ वयातील थायरॉइड-न्यूनतेचे पहिले स्पष्ट वर्णन सर विल्यम गल ह्यांनी १८७३ साली लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात आढळते. प्रौढ स्त्रियांत उद्भवणारी जडवामनतेसारखी अवस्था, अशा आशयाचे त्या निबंधाचे नाव होते. रोगाचे कारण गल ह्यांना ठाऊक नव्हते, आणि थायरॉइड ग्रंथीशी त्याचा संबंध त्यांनी जोडला नव्हता. त्यांच्यापाशी होते ते केवळ निरीक्षण : सुजलेला गोल चेहरा, रुंद झालेली जीभ, फावड्यासारखे जाड हात, घशातून येणारा भरड आवाज, आणि पूर्वी चपळ असलेल्या मनाला आलेली सुस्ती. ह्यांतील बऱ्याचशा गोष्टी ‘पूर्वी’ ह्या शब्दावाचून सांगताच येत नाहीत. रुग्ण पूर्वी कशी होती, हे तिच्या अथवा तिच्या आप्तांच्या सांगण्यावरूनच कळणार. रोगाची पहिली व्याख्या अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या दोन काळांतील तुलनेवर उभी होती.

विल्यम ऑर्ड ह्यांनी १८७८ साली ह्या अवस्थेला ‘मिक्सिडीमा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील श्लेष्म आणि सूज ह्या अर्थांच्या दोन शब्दांपासून ते बनविलेले असून मराठी परिभाषेतील ‘श्लेष्मशोफ’ ही संज्ञा त्याचेच यथातथ्य भाषांतर होय. नाव पडले ते त्वचेखाली सापडलेल्या द्रव्यावरून; ग्रंथीवरून नव्हे. ग्रंथीचा संबंध उघड झाला तो शस्त्रक्रियेमुळे. जिनीव्हा येथे झाक-लुई रेव्हर्डां आणि बर्न येथे थिओडोर कोखर ह्यांनी गलगंडावरील उपचार म्हणून थायरॉइड ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णांत हीच अवस्था पाहिली. १८८३ साली कोखर ह्यांनी ती सविस्तर नोंदविली. त्याच वर्षी फेलिक्स सेमन ह्यांनी लंडनमध्ये असा तर्क मांडला, की श्लेष्मशोफ, जडवामनता आणि ग्रंथी काढल्यानंतरची ही क्षीणता ह्या तिन्हींचे मूळ एकच असावे. ह्या तर्काची छाननी करण्यासाठी क्लिनिकल सोसायटीने समिती नेमली. तिने १०९ रुग्णांच्या नोंदी अभ्यासून १८८८ साली आपला अहवाल सादर केला आणि सेमन ह्यांचा तर्क मान्य केला.

उपचाराला त्यानंतर फार विलंब लागला नाही. न्यूकॅसलचे जॉर्ज मरे ह्यांनी १८९१ साली मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला टोचून दिला. ती सुधारली, पुढे तोंडाने औषध घेऊ लागली आणि १९१९ पर्यंत जगली. तिच्या २८ वर्षांच्या उपचाराला ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरे ह्यांनीच नंतर दिला आहे. ह्या दीर्घ काळात तिच्या रक्तातील हॉर्मोन एकदाही मोजले गेले नाही. तसे साधनच अस्तित्वात नव्हते. मात्रा ठरविली जाई ती नाडी, तापमान, वजन, चेहरा आणि तिचे स्वतःचे सांगणे ह्यांवरून.

३

मापनाचा पहिला टप्पा रक्ताचा नसून श्वासाचा होता. आडोल्फ माग्नुस-लेव्ही ह्यांनी १८९५ साली थायरॉइडच्या विकारांत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचे मान बदलते, हे दाखवून दिले. त्यातून मूल चयापचयाची चाचणी निर्माण झाली. रात्रभर उपाशी राहिलेल्या रुग्णाला सकाळी शांत निजवून त्याचा श्वास मोजावयाचा, आणि त्याच वयाच्या, लिंगाच्या व शरीराकाराच्या निरोगी व्यक्तींच्या सरासरीशी ताडून उत्तर टक्क्यांत सांगावयाचे, अशी तिची रीत होती. गल ह्यांच्या काळी तुलना रुग्णाच्या वर्तमानाची त्याच्या भूतकाळाशी होती. आता ती रुग्णाची इतर माणसांशी होऊ लागली. हा बदल त्या वेळी कोणाला फारसा जाणवला नसावा. परंतु पुढील सर्व वादांचे बीज त्यात आहे.

दरम्यान एडवर्ड केंडल ह्यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिन वेगळे केले, आणि चार्ल्स हॅरिंग्टन ह्यांनी १९२६ साली त्याची रचना निश्चित केली. थायरॉक्सिनमध्ये आयोडीन असते; तेव्हा रक्तातील प्रथिनबद्ध आयोडीन मोजले तर हॉर्मोनाचा अंदाज येतो, ह्या तत्त्वावर १९४० नंतरच्या दोन दशकांत नवी चाचणी रूढ झाली. दर १०० घनसेंटिमीटर रक्तद्रवात ४ ते ८ मायक्रोग्रॅम, ही तिची प्रमाण-मर्यादा. खोकल्याच्या आयोडीनयुक्त औषधाने किंवा क्ष-किरण चित्रासाठी दिलेल्या रंगद्रव्यानेही तिचा निकाल बिघडत असे. तथापि रक्तातील आकड्याने निदान करण्याची सवय येथूनच लागली.

आणि येथेच आजचा पेच प्रथम उभा राहिला. १९५५ च्या सुमारास अमेरिकेतील काही वैद्यांच्या असे ध्यानात आले, की कित्येक रुग्ण थकलेले असतात, त्यांचा मूल चयापचय मंद असतो, परंतु त्यांचे प्रथिनबद्ध आयोडीन प्रमाणात असते. ह्या अवस्थेला ‘चयापचयाची न्यूनता’ असे नाव देण्यात आले. ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स ह्यांनी १९५२ साली ट्रायआयोडोथायरोनिन हे दुसरे, अधिक प्रभावी थायरॉइड-हॉर्मोन शोधले होते. ते दिल्याने असे रुग्ण सुधारतात, असाही दावा झाला. परंतु कोणाला खरे औषध मिळते आणि कोणाला निर्द्रव्य गोळी, हे वैद्य व रुग्ण दोघांपासूनही लपवून १९६० च्या सुमारास परीक्षा घेण्यात आली, तेव्हा तो दावा टिकला नाही आणि ते नाव वैद्यकाच्या कोशातून हळूहळू लोपले. नाव लोपले म्हणून थकलेली माणसे लोपली असे मात्र झाले नाही. त्यांना कोणत्या नावाखाली ठेवावे, एवढाच प्रश्न पुढे ढकलला गेला.

४

रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन ह्यांनी न्यूयॉर्क येथे १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्ये व प्रतिपिंडे ह्यांच्या साह्याने हॉर्मोने मोजण्याची जी पद्धती विकसित केली, तिच्याबद्दल यॅलो ह्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते. ह्याच पद्धतीने १९६५ पासून थायरॉइड-उद्दीपक हॉर्मोन, म्हणजे आज सर्वतोमुखी झालेले टीएसएच, मोजता येऊ लागले. हे हॉर्मोन थायरॉइडचे नव्हे; मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे. थायरॉइडचा स्राव किंचित घटला, तरी पोष ग्रंथी आपला स्राव कित्येक पटींनी वाढविते. म्हणून न्यूनतेची चाहूल टीएसएचमध्ये सर्वांत आधी लागते. मापन म्हणून ही चाचणी पूर्वीच्या सर्व चाचण्यांहून निःसंशय श्रेष्ठ होती.

तिचे दोन परिणाम झाले. पहिला परिणाम औषधाच्या मात्रेवर झाला. १९८० नंतरच्या दशकात अधिक सूक्ष्म चाचण्या आल्या, तेव्हा दिवसाला २०० ते ३०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेणाऱ्या अनेक रुग्णांचे टीएसएच जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. अर्थात् त्यांना गरजेपेक्षा अधिक औषध मिळत होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून १९९४ साली असे दिसून आले, की साठ वर्षांवरील ज्या व्यक्तींचे टीएसएच फार खालावलेले असते, त्यांच्यात पुढील दहा वर्षांत हृदयाच्या अनियमित स्पंदनाचा धोका सुमारे तिप्पट असतो. मात्रा कमी करण्यामागे असे सबळ कारण होते, हे विसरता कामा नये. परंतु ज्या रुग्णांना जुनी मात्रा सुखावह वाटत होती, त्यांच्या दृष्टीने घडले ते इतकेच : आकडा सुधारला आणि प्रकृती बिघडली.

दुसरा परिणाम व्याख्येवर झाला. थायरॉक्सिन प्रमाणात आणि टीएसएच वाढलेले, अशी एक नवी अवस्था कागदावर दिसू लागली. इंग्रजीत तिला जे विशेषण लागले, त्याचा व्युत्पत्तीने अर्थ ‘रुग्णशय्येपाशी न दिसणारी’ असा होतो. पूर्वी रोग शय्येपाशी दिसे आणि प्रयोगशाळा त्याला दुजोरा देई. आता रोग प्रयोगशाळेत दिसू लागला आणि शय्येपाशी त्याचा शोध घेण्यात येऊ लागला. १९६९ साली बिलेविक्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षणांना व चिन्हांना गुण देऊन थायरॉइड-न्यूनता ओळखण्याची कोष्टकपद्धती मांडली होती. घोट्यामागील स्नायुबंधावर हातोडी मारल्यावर पाय किती सावकाश पूर्वपदी येतो, ह्यालाही तीत स्थान होते. टीएसएचच्या प्रसारानंतर असली कोष्टके संशोधनापुरती उरली.

५

ह्या स्थित्यंतराच्या केंद्रस्थानी ‘नॉर्मल’ हा शब्द आहे. लॅटिन भाषेत ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा वा गवंड्याचा गुण्या. भिंत गुण्यात आहे की नाही हे पाहण्याचे ते साधन. गुण्या भिंतींची सरासरी काढून बनत नाही. दहा भिंती वाकड्या असल्या, तरी तो काटकोनच दाखवितो. एकोणिसाव्या शतकात मात्र शरीराच्या संदर्भात ह्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला. बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले ह्यांनी १८३५ साली ‘सरासरी मनुष्य’ ही कल्पना मांडली, आणि पुष्कळांत आढळते ते नॉर्मल, असा अर्थ रूढ होऊ लागला. वैद्यकाने त्यात तिसरा अर्थ मिसळला : नॉर्मल म्हणजे निरोगी. योग्य, बहुसंख्य आणि निरोगी, असे तीन भिन्न अर्थ एकाच शब्दाच्या पोटात नांदू लागले. फ्रेंच तत्त्वज्ञ व वैद्य जॉर्ज कांगिलेम ह्यांनी १९४३ च्या आपल्या प्रबंधात नेमक्या ह्याच गोंधळावर बोट ठेवले. सरासरीवरून निरोगीपणा सिद्ध होत नाही. माणसाला आपण आजारी आहो असे वाटते म्हणून वैद्यक अस्तित्वात येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

प्रयोगशाळांनाही ह्या गोंधळाची जाणीव झाली. फिनलंडचे ग्रेसबेक आणि सारिस ह्यांनी १९६९ साली ‘नॉर्मल मूल्ये’ ही संज्ञा सोडून ‘संदर्भ-मूल्ये’ ही संज्ञा पुढे आणली. तिचा अर्थ निखळ आहे. निरोगी समजल्या गेलेल्या व्यक्तींचा एक समूह घ्यावयाचा, त्यांची मूल्ये क्रमाने मांडावयाची, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळावयाचे. उरलेल्या ९५ टक्क्यांचा पल्ला तो संदर्भ-पल्ला. टीएसएचच्या बाबतीत तो सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ ह्या आकड्यांच्या दरम्यान येतो. ह्या व्याख्येनुसार शंभर निरोगी माणसांतील पाच माणसे पल्ल्याबाहेर राहणारच. तद्वतच पल्ल्याच्या आत असलेला प्रत्येक जण निरोगी आहे, असेही ती व्याख्या कोठे म्हणत नाही.

डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान परंतु मार्मिक अभ्यासाने हे अधिक स्पष्ट केले. १६ निरोगी पुरुषांचे रक्त वर्षभर दरमहा तपासण्यात आले. प्रत्येकाची मूल्ये त्याच्या स्वतःच्या एका अरुंद पट्ट्यात फिरत होती, आणि त्या पट्ट्याची रुंदी समूहाच्या पल्ल्याच्या सुमारे निम्मी होती. म्हणजे एखाद्या व्यक्तीचे मूल्य समूहाच्या मानाने प्रमाणात असूनही तिच्या स्वतःच्या मानाने ढळलेले असू शकते. गल ह्यांनी शब्दांत नोंदविलेली ‘पूर्वी’शी तुलना येथे आकड्यांच्या भाषेत परत आलेली दिसते. अडचण एवढीच, की आजारी पडण्यापूर्वीचे आपले आकडे बहुतेक कोणापाशीच नसतात.

बोलीभाषेने मात्र हा भेद स्वीकारला नाही. तपासणीच्या कागदावर संदर्भ-पल्ला छापलेला असतो. तोंडी वाक्य ‘सगळं नॉर्मल आहे’ असेच येते. मराठीतही ते जसेच्या तसे आले आहे. कागद समूहाविषयी विधान करतो; वाक्य समोरच्या व्यक्तीविषयी विधान करते. ‘तुमचा आकडा बहुसंख्य निरोगी माणसांच्या आकड्यांत बसतो’ आणि ‘तुम्हांला काही झालेले नाही’ ही दोन विधाने एका शब्दाच्या आश्रयाने एक होऊन जातात.

६

तरीसुद्धा, आकडा रोगाचा निर्णय पूर्णपणे देत नाही म्हणून तक्रारीचे मूळ हॉर्मोनातच आहे, असा निष्कर्ष काढणे तितकेच सदोष ठरेल. ह्या बाबतीतील पुरावा दोन्ही पक्षांना अवघड आहे.

इंग्लंडमधील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत थायरॉक्सिन घेणारे, टीएसएच प्रमाणात असलेले रुग्ण समवयस्क व्यक्तींच्या तुलनेत मानसिकदृष्ट्या अधिक त्रस्त आढळले; म्हणजे तक्रार केवळ काल्पनिक नाही. तिची संभाव्य कारणे अनेक सांगितली जातात. शरीरातील सुमारे ८० टक्के ट्रायआयोडोथायरोनिन हे ग्रंथीबाहेर, ऊतींमध्ये, थायरॉक्सिनपासून बनते. उरलेले स्वतः ग्रंथी स्रवते. नुसते थायरॉक्सिन दिल्यास हा ग्रंथीचा वाटा मिळत नाही. ग्रंथी काढलेल्या उंदरांवर माद्रिद येथे झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, केवळ थायरॉक्सिनने सर्व ऊतींतील पातळी एकाच वेळी पूर्ववत् होत नाही, असे दिसले. पोष ग्रंथी समाधानी आहे म्हणून इतर अवयवही समाधानी असतील असे नाही, हा त्याचा अर्थ. १९९९ साली लिथुआनियातील बुनेव्हिचियस आणि सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांना दोन्ही हॉर्मोने एकत्र दिली, तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारल्याचे नोंदविले गेले. परंतु पुढे अशा ११ परीक्षांतील १,२१६ रुग्णांची एकत्रित छाननी २००६ साली झाली, आणि तीत संयुक्त उपचाराचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले नाही. २००९ साली ब्रिटनमधील एका अभ्यासाने असे सुचविले, की सुमारे १६ टक्के लोकांत आढळणाऱ्या विशिष्ट आनुवंशिक प्रकाराच्या रुग्णांना संयुक्त उपचार अधिक मानवत असावा. ह्याविषयीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. ग्लासगो येथील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत थायरॉइड-न्यूनतेची लक्षणे असलेल्या, परंतु सर्व चाचण्या प्रमाणात असलेल्या २५ व्यक्तींना आळीपाळीने थायरॉक्सिन आणि निर्द्रव्य गोळी देण्यात आली. त्यांना बरे वाटले. पण निर्द्रव्य गोळीनेही तितकेच. आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ म्हणून एक अंग आहे. कोणत्या उपचाराने आराम पडतो ह्यावरून रोग ओळखावा, असे ते सांगते. ह्या परीक्षेने त्या प्राचीन युक्तीची मर्यादा दाखविली. आराम पडणे खरे असते. परंतु तो कशाने पडला, हे आरामावरून कळत नाही.

तिसरा पुरावा उलट दिशेने येतो. टीएसएच थोडे वाढलेल्या, ६५ वर्षांवरील ७३७ व्यक्तींवर युरोपात झालेली मोठी परीक्षा २०१७ साली प्रसिद्ध झाली. थायरॉक्सिनने त्यांचा आकडा सुधारला. थकव्यात वा इतर लक्षणांत निर्द्रव्य गोळीपेक्षा काहीच अधिक फरक पडला नाही. ह्यावरून आजच्या पेचाचे एक कारण उमगते. थकवा ही अत्यंत सामान्य तक्रार आहे. ती घेऊन आलेल्या पुष्कळांचे रक्त तपासले, की काहींचे टीएसएच किंचित वाढलेले आढळणारच. त्यांना थायरॉइडचे रुग्ण ठरविले जाते, आकडा सुधारतो, आणि थकवा राहतो; कारण त्याचे मूळ रक्तक्षयात, निद्रेतील श्वासावरोधात, विषण्णतेत, ऋतुनिवृत्तीत किंवा अन्य कोठे तरी असते. अशा रुग्णाला ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठविणे आणि अशा रुग्णाची मात्रा वाढवीत नेणे, ह्या दोन्ही मार्गांनी त्या खऱ्या कारणाचा शोध थांबतो. वाढविलेली मात्रा हृदयाला आणि वयस्क स्त्रियांच्या अस्थींना अपायकारक ठरू शकते, ही हानी आणखी वेगळी.

७

ह्या इतिहासातून एक गोष्ट निश्चितपणे निघते. प्रत्येक चाचणी प्रथम रुग्णांच्या सांगण्यावरून आणि वैद्यांच्या पाहण्यावरून प्रमाण मानली गेली. श्लेष्मशोफाचे रुग्ण आधी ओळखले गेले, आणि त्यांचा श्वास मंद आढळला म्हणून श्वासाची चाचणी विश्वसनीय ठरली. त्यांचे टीएसएच वाढलेले आढळले म्हणून टीएसएच विश्वसनीय ठरले. आकड्याचा अधिकार अशा रीतीने लक्षणांपासून उसना घेतलेला आहे. जेथे रोग तीव्र आहे तेथे तो अधिकार निर्विवाद आहे. परंतु जेथे लक्षणे सौम्य आणि आकडा सीमेजवळ असतो, तेथे तो तितकाच भक्कम धरणे हे मूळ पुराव्याच्या पलीकडे जाणे होय.

‘तक्रार’ हा शब्द मराठीत फारसीच्या द्वारे अरबीतून आला. अरबीत त्याचा अर्थ आहे पुनरावृत्ती. प्रमाणात असलेल्या रक्ताचा रुग्ण पुन्हा पुन्हा येतो आणि तेच सांगतो, तेव्हा तो ह्या मूळ अर्थानेही तक्रार करीत असतो. त्या पुनरावृत्तीवरून थायरॉइडचा रोग सिद्ध होत नाही. शोध अपुरा राहिला आहे, एवढे मात्र सिद्ध होते. थायरॉइडचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर पुढचा प्रश्न विचारला जाणे अवश्य आहे. आणि त्यासाठी तपासणीच्या कागदावरील संदर्भ-पल्ला हा शब्द त्याच्या मर्यादित, तांत्रिक अर्थानेच वाचला गेला पाहिजे. मरे ह्यांची रुग्ण रक्ताच्या आकड्यावाचून २८ वर्षे जगली, म्हणून आकडे टाकून द्यावेत असा ह्याचा अर्थ नव्हे. तिची मात्रा ठरविताना मरे ह्यांनी तिला काय वाटते हे विचारले होते, आणि रक्ताची तपासणी उपलब्ध झाल्यावरही तो प्रश्न अनावश्यक झालेला नाही.